अल्ताचा हिवाळा आणि त्याचे पाहुणे

टूर कंपन्यांची पत्रकं वाचायचा मला नाद आहे. जायचं असो वा नसो, रविवारच्या पेपरातून पडलेलं पत्रक मी दुसऱ्याचा कोड वाचावा तसं ओळीओळीने वाचतो. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रकार आलाय. भर हिवाळ्यात नॉर्वे नाहीतर फिनलंडच्या टोकाला जाऊन ध्रुवीय प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, बघायची सहल. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: दिवस पहिला, आगमन आणि थर्मल कपड्यांचं वाटप. दिवस दुसरा, हस्की कुत्र्यांची गाडी, रात्री गाईडबरोबर अरोराच्या शोधात. दिवस तिसरा, रेनडियरची घसरगाडी आणि सामी तंबूत गरम सूप. दिवस चौथा, स्नोमोबाईल आणि बर्फाचं हॉटेल. आणि तळाशी बारीक अक्षरात, "अरोरा दिसणे सर्वस्वी निसर्गावर अवलंबून आहे."

पत्रकात वरपासून खालपर्यंत सगळं निसर्गाच्या नावावर जमा आहे. बर्फ, अंधार, जनावरं, आकाश. माणसं जवळजवळ नाहीतच, आणि असलीच तर सूप वाढायला. मला प्रश्न पडला की हा हिवाळा विकायला येण्याआधी काय होता? कोण यायचं तिथे, कशाला यायचं, आणि आलेल्याला वाट कोण दाखवायचं? असे प्रश्न सगळ्या उत्तर ध्रुवाला धरून विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून एकच गाव घेतलं. नॉर्वेच्या फिनमार्क भागातलं अल्ता.

अल्ता साधारण ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. ध्रुवीय प्रकाश पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यासारख्या पट्ट्यात दिसतो, आणि तो पट्टा बहुतेक रात्री अल्ताच्या डोक्यावरून किंवा जवळून जातो. म्हणजे बरोबर ध्रुवावर जाऊन उपयोग नाही, या कड्याखाली उभं राहायला हवं. त्यात अल्ता फ्योर्डच्या आतल्या बाजूला, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा तिथे आकाश निरभ्र मिळण्याची शक्यता जास्त. हिवाळी सहलीसाठी म्हणाल तर जागा अगदी मोक्याची.

गंमत म्हणजे पर्यटकांना शंभरेक वर्षं याची काही पडलेली नव्हती. ते उत्तरेला यायचे उन्हाळ्यात, मध्यरात्रीचा सूर्य बघायला. राजा दुसरा ऑस्कर १८७३ साली नॉर्थ केपला जाऊन आला, १८७५ साली थॉमस कुकने तिथे सहल नेली, आणि मग आगबोटी भरभरून लोक येऊ लागले. सप्टेंबर आला की हॉटेलांना कुलपं. हिवाळ्यातली गर्दी ही अगदी अलीकडची गोष्ट. २००८ साली बीबीसीवर जोआना लमली या अभिनेत्रीचा नॉर्दर्न लाइट्सवरचा कार्यक्रम आला आणि त्यानंतर ब्रिटिश पर्यटकांची रीघ लागली. आपल्या मराठी टूर कंपन्या त्याच्याही नंतरच्या.

पण हिवाळ्यातले पाहुणे अल्ताला त्याआधीही होते. फक्त ते मजा करायला आलेले नव्हते.

पहिले पाहुणे

१८३८ च्या उन्हाळ्यात 'ला रशेर्श' नावाचं फ्रेंच जहाज उत्तरेकडे आलं. पॉल गेमारच्या नेतृत्वाखालची ही सरकारी मोहीम. त्यातली काही मंडळी हिवाळाभर अल्तातल्या बोसेकॉप या वस्तीत मुक्कामाला राहिली. रोज रात्री बाहेर उभं राहायचं, प्रकाश दिसला की वेळ, दिशा, उंची, आकार लिहून ठेवायचा, आणि चित्रकाराने चित्र काढायचं. एका हिवाळ्यात त्यांनी शंभराहून जास्त अरोरा नोंदवल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टँपसकट लॉग. यातलं एक नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी परीक्षेत लिहिलेलं आहे. स्फटिकांच्या रचनेत 'ब्राव्हे लॅटिस' येतात ना, तोच हा ऑग्युस्त ब्राव्हे. हा गृहस्थ बोसेकॉपच्या थंडीत रात्ररात्र उभा होता हे मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं, तर ते चौदा लॅटिस जरा आपुलकीने पाठ केले असते :-)

या मोहिमेला उत्तरेकडच्या मुलखात वाट दाखवायला एक स्थानिक माणूस होता. लार्स लेव्ही लेस्टाडियस. हा स्वीडिश बाजूचा पाद्री, उत्तम वनस्पतीशास्त्रज्ञ, आईच्या बाजूने सामी. सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तरेत पिढ्यान् पिढ्या राहणारे मूळ लोक. फ्रेंचांनी त्याला सामींच्या जुन्या देवदेवतांवर लिहायलाही सांगितलं. म्हणजे अल्ताच्या हिवाळ्याच्या या कथेतला पहिला गाईड हाच म्हणायला हरकत नाही.

फ्रेंच गेले. पुढे काही वर्षांतच लेस्टाडियसने दारू आणि भोंगळ धर्माचरण यांच्याविरुद्ध प्रवचनं सुरू केली आणि ती सामी वस्त्यांत वणव्यासारखी पसरली. त्याला कारण होतं. व्यापारी दारू उधारीवर देत आणि उधारीपोटी रेनडियर नेत. अल्ताच्या दक्षिणेला, पठारावर, कौतोकेइनो गाव आहे. तिथे नोव्हेंबर १८५२ मध्ये या पंथातल्या काही सामींनी उठाव केला. व्यापारी आणि सरकारी अंमलदार असे दोघे मारले गेले. उठाव त्याच दिवशी मोडला. १८५४ च्या ऑक्टोबरात आस्लाक हेत्ता आणि मॉन्स सोम्बी या दोघांचा अल्तात शिरच्छेद करण्यात आला. धडं कोफ्योर्डच्या चर्चपाशी पुरली, आणि डोकी? ती राजधानीतल्या विद्यापीठाच्या शरीरशास्त्र विभागात पाठवली. कवट्या मोजून वंश ठरवण्याचं ते युग होतं. त्या दोन कवट्या परत मिळवून कोफ्योर्डच्या चर्चपाशी पुरायला १९९७ साल उजाडलं. १८५४ ते १९९७. घरच्यांना १४३ वर्षं वाट बघावी लागली.

हे कोफ्योर्ड लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आकाशाऐवजी माणसं

१८८२-८३ हे पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष. वेगवेगळ्या देशांनी ध्रुवाभोवती ठाणी उभारून एकाच वेळी हवामानाची आणि चुंबकत्वाची मोजमापं घ्यायची, अशी ती योजना. नॉर्वेचं ठाणं बोसेकॉपला होतं. तेव्हाच सोफस ट्रॉमहोल्ट हा डॅनिश शिक्षक कौतोकेइनोत जाऊन राहिला. त्याचा विचार साधा होता: दोन ठिकाणांहून एकाच वेळी एकच अरोरा बघितली, तर तिची उंची काढता येईल. सोबत कॅमेराही होता. पण त्या काळच्या काचा इतक्या मंद, की आकाशातला तो हलता प्रकाश त्यांच्यावर उमटेचना.

मग त्याने कॅमेरा गावाकडे वळवला. त्याने सामींची छायाचित्रं घेतली, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे 'लॅप जातीचा नमुना' असं न लिहिता बऱ्याच जणांची नावं लिहून ठेवली. त्यात १८५२ च्या उठावात शिक्षा भोगून आलेल्यांपैकीही काहीजण आहेत. ही चित्रं आज बर्गनच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत, आणि युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत त्यांची नोंद आहे. एकीकडे विद्यापीठाच्या कपाटात दोन कवट्या, आणि दुसरीकडे एक शाळामास्तर लोकांना त्यांची नावं विचारतोय. दोन्ही 'विज्ञान' म्हणूनच चाललं होतं.

अरोराचं पहिलं छायाचित्र काही वर्षांनी, १८९२ साली, मार्टिन ब्रेंडेल या जर्मनाने घेतलं. जागा? पुन्हा बोसेकॉप. आज मोबाईलवर तीन सेकंदांत जे निघतं त्याची सुरुवात इथली.

हाल्डेच्या माथ्यावर

आता कोफ्योर्ड. या खाडीच्या वर हाल्डे नावाचा डोंगर आहे, ९०४ मीटर. आपल्याकडे सिंहगडावर रात्र काढलेल्यांना ही उंची फार वाटणार नाही. पण ७० अंशांवर, डिसेंबरात, झाडाचा आडोसा नसलेल्या माथ्यावर ९०० मीटर म्हणजे निराळं प्रकरण. १८९९ साली तिथे दगडी वेधशाळा बांधली गेली. शेजारच्या शिखरावर दुसरी. बांधवून घेणारा होता क्रिस्तियान बिर्केलान, वय ३१-३२, क्रिस्तियानियाच्या (आजच्या ओस्लोच्या) विद्यापीठातला प्राध्यापक.

त्याचं म्हणणं असं की सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, आणि ते वरच्या विरळ हवेवर आदळले की प्रकाश पडतो. प्रकाश असतो तेव्हा आकाशात प्रचंड वीजप्रवाह वाहत असतात, म्हणून खाली होकायंत्राची सुई थरथरते. हे सिद्ध करायचं तर सुई आणि प्रकाश दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी, हिवाळाभर मोजायला हवेत. म्हणून हाल्डे.

त्याची किंमत काय पडली बघा. आधीच्या एका मोहिमेत त्याची तुकडी हिमवादळात सापडली. ब्योर्न हेलान-हान्सेन हा वैद्यकीचा विद्यार्थी सोबत होता. हिमदंशाने त्याची बोटं गेली. शल्यचिकित्सा करणं संपलं, आणि पुढे तो मोठा समुद्रशास्त्रज्ञ झाला. हाल्डेवरच्या पहिल्याच हिवाळ्यात, १९०० साली, एलिसार बोये हा तरुण सहकारी हिमकडा कोसळून गाडला गेला. पत्रकातली "अरोराच्या शोधात" ही ओळ वाचताना मला ही दोन नावं आठवतात.

प्रयोगशाळेत बिर्केलानने निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा टांगला, त्याचं नाव 'टेरेला', छोटी पृथ्वी. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती चमकणारी कडी दिसायची. प्रयोगांना पैसा हवा म्हणून त्याने विजेवर चालणारी तोफही काढली. १९०३ मध्ये विद्यापीठात जाहीर प्रात्यक्षिकात तिचा शॉर्टसर्किट होऊन नुसता जाळ झाला. पण त्याच सुमारास सॅम आयडे या उद्योजकाबरोबर त्याने विजेच्या ज्योतीत हवेतला नायट्रोजन पकडून खत करायची पद्धत काढली, आणि १९०५ साली नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. तिचा खतांचा धंदा २००४ साली वेगळा होऊन यारा कंपनी झाली, आणि याराने २०१८ साली उत्तर प्रदेशातला बाबरालाचा युरिया कारखाना टाटा केमिकल्सकडून घेतला. अरोराच्या मागे धावणाऱ्या माणसाच्या खटाटोपातून निघालेला धागा थेट आपल्या शेतापर्यंत येतो, असा.

१९१० साली कार्ल स्टोर्मर बोसेकॉपला आला. ट्रॉमहोल्टला जमलं नव्हतं ते त्याने केलं. चार-पाच किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे, मध्ये टेलिफोनची तार. फोनवर इशारा झाला की दोघांनी एकाच क्षणी फोटो काढायचा. डोळ्यासमोर अंगठा धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. इथे अंगठा म्हणजे अरोरा, भिंत म्हणजे तारे. उत्तर निघालं की अरोराची खालची कड साधारण १०० किलोमीटरवर असते. त्याआधी ती डोंगरमाथ्याला टेकते असं सांगणारे लोकही होते.

बिर्केलान १९१७ साली टोकियोच्या एका हॉटेलात झोपेच्या औषधाच्या जास्त मात्रेने गेला, वय ४९. त्याचे आकाशातले वीजप्रवाह पुढची पन्नास वर्षं बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांना पटले नव्हते. १९६० आणि ७० च्या दशकांत उपग्रहांनी मोजल्यावर ते मान्य झाले. कण सूर्याकडून थेट येऊन आदळत नाहीत, मधे पृथ्वीच्या चुंबकावरणात बऱ्याच उलाढाली होतात, एवढी दुरुस्ती करून. १९९४ ते २०१८ नॉर्वेच्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्याचं चित्र होतं.

इथे थोडं विषयांतर, पण आपल्या घरचं आहे. होकायंत्राच्या सुईचा हाच उद्योग मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत बिर्केलानच्या जन्माआधीपासून चालू होता. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं आजवरचं नोंदलेलं बहुधा सर्वांत मोठं चुंबकीय वादळ झालं. कुलाब्याला निरीक्षक उपकरणाचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत होते. क्षितिजसमांतर चुंबकीय बल साधारण १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद त्यांनी केली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच वह्यांवरून त्या वादळाची तीव्रता मांडली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडतील म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईतून अरोरा दिसल्याच्या नोंदी आहेत! मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेतून दिसलेला लाल प्रकाश आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलाच.

सहलीतला गाईड आज बसमध्ये मोबाईल बघून "अर्ध्या तासात बाहेर पडू" म्हणतो ना, ते याच साखळीच्या जोरावर. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर उभा असलेला उपग्रह सौरवारा मोजतो. तो वारा सेकंदाला ४०० किलोमीटरने येत असेल तर आपल्या हातात जेमतेम तास असतो. बाकी ढग आहेतच. बारीक अक्षरातली ती ओळ अजूनही खरी आहे.

बर्फातले खेळ

आता पत्रकातले दिवस दोन ते चार.

हस्की कुत्रे मुळात इथले नव्हेत. सामींची ओझी रेनडियर ओढत, कुत्रे कळप राखत. घसरगाडीचे हस्की हे सायबेरियातल्या चुकची लोकांचे, तिथून अलास्कात गेलेले. अलास्कात त्यांना नाव मिळवून देणारा लिओनहार्ड सेपाला मात्र उत्तर नॉर्वेत जन्मलेला. १९२५ साली नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवणाऱ्या टप्प्यांपैकी सगळ्यांत लांब आणि अवघड टप्पा त्याच्या कुत्र्यांनी काढला. १९८१ पासून अल्ताहून 'फिनमार्क्सलोपेट' ही हजार किलोमीटरहून लांब शर्यत निघते. सहलीतली कुत्री याच परंपरेतली.

स्नोमोबाईलची गोष्ट अशी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जोसेफ-आर्मान बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मुलगा गेला. बर्फावर चालणारं वाहन करायचं वेड त्याला आधीपासून होतं, त्यानंतर तो त्याच्या मागेच लागला. १९५९ साली त्याची छोटी स्की-डू बाजारात आली. साठच्या दशकात ती सामींच्या मुलखात पोचली, आणि मग काय झालं त्याची नोंद पर्टी पेल्टो या मानवशास्त्रज्ञाने फिनलंडमधल्या सेवेत्तियार्वी गावात केली. १९७३ साली त्याचं पुस्तक आलं. यंत्र होतं त्यांना कळप हाकणं सोपं झालं. पण यंत्राला पैसे, पेट्रोलला पैसे, सुट्या भागांना पैसे. ज्यांना परवडलं नाही त्यांचा हळूहळू रेनडियरचा धंदाच सुटला. नॉर्वेने १९७७ साली कायदा करून मोकळ्या रानात मोटारवाहनांना सरसकट बंदी केली. म्हणून पर्यटकांनी खुणा केलेल्या वाटेवरूनच जायचं असतं. गाईड वाटेवरून हलू देत नाही, त्याचं कारण हे.

आणि रेनडियर. हिवाळ्यात ते बर्फ उकरून खालचं शेवाळासारखं दिसणारं खाणं शोधतात. आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल असतं ना, त्याच्याच जातकुळीतलं. अलीकडे भर हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो आणि तो गोठून बर्फावर काचेसारखा थर धरतो. जनावराला खाली अन्नाचा वास येतो पण खूर पोचत नाही. मग पाळणाऱ्याला विकतचा चारा घालावा लागतो. अशा वर्षी पर्यटकांना घसरगाडीत फिरवून मिळणारे पैसे ही जोडधंद्याची कमाई असते. तंबूतल्या सुपाकडे असंही बघता येतं.

आणखी एक हिवाळा

बिर्केलानच्या खताला वीज भरमसाट लागायची, म्हणून नॉर्वेने धबधबे बांधून घ्यायला सुरुवात केली. पुढे तो देशाचा स्वभावच झाला. सत्तरच्या दशकात पाळी आली अल्ता नदीची. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. ते वगळलं, पण धरण काही टळलं नाही, आणि रेनडियरांच्या वाटांचा प्रश्न राहिलाच. १९७९ साली सामींनी ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. १४ जानेवारी १९८१ ला, म्हणजे सूर्य अजून उगवायचाच होता, सुमारे ६०० पोलीस अल्तात आले. तेव्हाच्या नॉर्वेच्या पोलिसांचा हा जवळजवळ दहावा हिस्सा! स्टिला नावाच्या जागी लोकांनी स्वतःला साखळ्यांनी एकमेकांना बांधून घेतलं होतं. पोलिसांनी साखळ्या कापून एकेकाला उचलून नेलं.

१९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १९८७ साली धरण सुरू झालं. लढाई हरली. पण या हरलेल्या लढाईमुळेच सामींच्या हक्कांचा प्रश्न पहिल्यांदा देशापुढे आला, आणि १९८९ साली कारासयोकला सामींची स्वतःची निवडून दिलेली संसद उघडली. जरा तारखा जोडून पाहा. १९०२ मध्ये बिर्केलानची मोठी मोहीम चार ठिकाणांहून अरोरा मोजायला निघाली. त्याच वर्षी फिनमार्कात कायदा झाला, की सरकारी जमीन नॉर्वेजियन बोलता-लिहिता येणाऱ्यालाच विकायची. तो कायदा १९६५ पर्यंत होता. नॉर्वेच्या संसदेने या सगळ्या नॉर्वेजियनीकरणाची औपचारिक माफी मागितली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये.

मधल्या काळात दुसरं महायुद्धही येऊन गेलं. जर्मनांची 'टिरपिट्झ' ही अजस्र युद्धनौका १९४३-४४ मध्ये हाल्डेच्या पायथ्याशी, त्याच कोफ्योर्डात लपून होती. १९४४ च्या शरदात माघार घेताना जर्मनांनी फिनमार्क जाळत नेलं. अल्ता बेचिराख झालं, हाल्डेची वेधशाळाही जळाली. नंतर ती दुरुस्त केली. आजचं अल्ता, २०१३ साली उघडलेल्या टायटॅनियमने मढवलेल्या 'नॉर्दर्न लाइट्स कॅथेड्रल'सकट, त्या राखेवर उभं आहे.

तर मंडळी, हे वाचून कोणी सहल रद्द करू नये. उलट जा. पैसे जमवून, डिसेंबर ते मार्चमध्ये कधीही, निदान चार-पाच रात्री हाताशी ठेवून जा, कारण एका रात्रीत आकाश तुमच्या नशिबात असेलच असं नाही. फक्त एक दिवस 'मोकळा वेळ' असेल तर खरेदीत घालवू नका. गाईडला कोफ्योर्डला न्यायला सांगा. एका ठिकाणी उभं राहून वर हाल्डे दिसतो, समोर टिरपिट्झची खाडी, आणि बाजूला १८३७ सालचं लाकडी चर्च. आस्लाक हेत्ता आणि मॉन्स सोम्बी तिथे आहेत, आता सबंध. रेनडियरच्या गाडीत बसाल तेव्हा हाकणाऱ्याला त्याचं नाव विचारा, यंदा बर्फ कसं आहे ते विचारा. दगडफुलाचं सांगितलंत तर तो खूश होईल असा माझा अंदाज आहे. आणि सामी लोक म्हणतात की अरोराकडे बघून शिट्टी वाजवू नये, ती खाली येऊन माणसाला उचलून नेते. पाहुण्याने यजमानाच्या घरचे एवढे नियम पाळायला हरकत नसावी.

असो. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी.